दुसऱ्या प्रवेशानंतर

नाटक बसवू नका, असं बळवंतराव दिघ्यांना सांगायची छाती कॅनडातल्या किचनर गावच्या मराठी मंडळात कुणाची नव्हती. पन्नासच्या वर वर्षं झाली माणूस या देशात येऊन, पूल बांधून रिटायर झाला, पण जीव सगळा बेसमेंटमधल्या दोन ट्रंकांत. एकीत मावळ्यांचे फेटे, दुसरीत पुठ्ठ्याच्या ढाली-तलवारी. दर गणपतीत मुलांचं ऐतिहासिक नाटक ठरलेलं. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि पोरांवर ओरडणारेही तेच.

यंदा मंडळानं एक जुलैला, कॅनडा डेला, शाळेचा हॉल घेतला आणि बळवंतरावांनी 'कॅनडाचा जन्म' लिहून काढलं. पहिल्या प्रवेशात गलबतं येतात. दुसऱ्यात रेड इंडियन नाचतात, पाहुण्यांना मक्याची कणसं देतात आणि उजवीकडून निघून जातात. मग जंगल तोडणं, लढाया, अठराशे सदुसष्टची देशस्थापना, झेंडा, टाळ्या. मावळ्यांनाच टोप्या घातल्या की झाले गोरे. आणि इंडियनांच्या डोक्याला? गणपतीच्या मखरातली मोरपिसं होतीच की!

इंडियनांची म्होरकी होती त्यांची नात जाई, अकरा वर्षांची. मंडळातली बाकीची पोरं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. जाई तेवढी आजोबांशी मराठीत बोलायची, आणि तेही या नाटकांच्या तालमींमुळे. त्या एका पोरीसाठी म्हातारा नाटकं लिहायचा म्हणा ना.

"आजोबा, हे तोंडावर हात मारून हू-हू करायलाच पाहिजे का?" तिनं तालमीत विचारलं होतं. "असं कुणी करत नाही रे."

"तुला काय माहीत? मी वाचलंय सगळं."

वाचलंय कुठलं डोंबल! नागपूरला कॉलेजात असताना टॉकीजमध्ये पाहिलेले दोन सिनेमे, एवढंच भांडवल.

त्या दिवशी दुपारी नाटकाला पाच मिनिटं असताना बळवंतराव दारात उभे राहून लोकांना बसवत होते. जाईच्या वर्गातली टेसा आली, बरोबर तिची आजी, मिसेस हिल. जाईनंच बोलावलं होतं, पहिल्या तालमीच्याही आधी. बळवंतरावांनी दोघींना कौतुकानं पहिल्या रांगेत बसवलं, चहा दिला आणि आपल्या सवयीनं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच," मिसेस हिल म्हणाल्या. "सिक्स नेशन्स. ग्रँड नदीच्या खालच्या अंगाला आमचं घर."

म्हणजे आपल्या नाटकातले रेड इंडियन ते हेच लोक, हे बळवंतरावांच्या ध्यानात आलं. हसू तोंडावर तसंच ठेवून ते पडद्यामागे आले. सुनंदाबाई टाचण्यांचा डबा मांडीवर घेऊन पोरांच्या डोक्यांना मोरपिसं टाचत होत्या. हरणांचं चित्र असलेला तो निळा पत्र्याचा डबा पन्नास वर्षं शिवणकामाचा. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, बळवंतरावांनी सांगितलं.

"अहो, मग तो नाच काढून टाका!"

"आत्ता? सहा पोरांनी महिनाभर तालीम केलीय. आईबाप फोन उघडून बसलेत समोर. आणि नाटक मराठीत आहे गं, त्यांना काय कळणार आहे?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. हू-हू कुठल्या भाषेतलं असतं? पण पडदा वर गेला तो गेलाच.

दुसरा प्रवेश आला. सहा पोरं डोलत रंगमंचावर गेली, हॉलमध्ये हशा पिकला, फोन वर झाले. जाईनं तोंडाशी हात नेला आणि तिला पहिल्या रांगेत टेसा दिसली. हात खाली आला. मागची पाच पोरं हू-हू करत गोल फिरत राहिली आणि मधे ही पोर नुसती उभी.

"जाई!" विंगेतून बळवंतराव कुजबुजले. "हात! तोंडावर हात!"

तिनं वळून आजोबांकडे पाहिलं. एकदाच. मग मक्याचं कणीस जमिनीवर ठेवलं आणि उजवीकडून निघून गेली.

पुढचं नाटक झोकात झालं. झेंडा फडकला, टाळ्या पडल्या, कुणी कुणी येऊन पाठ थोपटली. बळवंतरावांना त्या थापा चटक्यांसारख्या लागत होत्या. मिसेस हिल गर्दी ओसरेपर्यंत थांबल्या आणि जवळ आल्या.

"ती मुलं परत कधी येणार होती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"कुठली मुलं?"

"पिसंवाली. दुसऱ्या प्रवेशात गेली ती. मी शेवटपर्यंत वाट बघितली."

बळवंतरावांच्या संहितेत ती परत येतच नव्हती. तोंडून भलतंच निघालं, "ती किचनमध्ये बटाटेवडे खातायत."

"अच्छा." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "आम्ही इथून पाऊण तासावर राहतो. कुठे गेलो नाही कधी."

"मिसेस हिल, माझं चुकलं. मला आधी कळलं होतं, तरी मी..."

"हो, दारातच कळलं होतं तुम्हाला. मी तुमचा चेहरा पाहिला," त्या म्हणाल्या आणि टेसाचा हात धरून निघाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं म्हाताऱ्याला.

पडद्यामागे जाई केसांतल्या टाचण्या ओढून काढत होती, केस तुटले तरी पर्वा नाही. "जाई, बाळा, चुकलं गं माझं," ते म्हणाले.

"इट्स फाइन."

बळवंतराव खुर्चीत बसले. त्यांच्याशी ती कधी इंग्रजीत बोलली नव्हती. मराठीत ओरडली असती, भांडली असती, तरी चाललं असतं. त्यांची नजर सुनंदाबाईंच्या मांडीवरच्या डब्यावर गेली आणि पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं.

"हा डबा माहितीये कसा मिळाला? चौऱ्याहत्तर साल. ऑफिसची ख्रिसमस पार्टी. साहेबानं टेबलावरची चादर ओढून माझ्या डोक्याला बांधली. हातात फूटपट्टी दिली, पुंगी म्हणून. म्हणाला, नाग खेळव. मी टेबलाभोवती डुलत फिरलो. अख्खं ऑफिस लोळत होतं हसून. बक्षीस म्हणून हा चॉकलेटांचा डबा दिला."

सुनंदाबाईंचा हात डब्यातच थांबला. "आणि मी सगळ्या शेजारणींना सांगत सुटले होते, यांना डान्सचं बक्षीस मिळालं म्हणून."

"काय सांगणार होतो तुला?"

जाई बघत होती. "अँड यू लाफ्ड?"

"हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. नोकरी नवी होती. कसं वाटतं ते मला ठाऊक होतं, जाई. ठाऊक असून मी तुला तेच करायला लावलं."

उरलेलं एक पीस केसांत तसंच ठेवून जाई टेसाला गाठायला धावत सुटली. हॉलमधून बाहेर, पार्किंगकडे. बळवंतराव गुडघे सांभाळत मागोमाग गेले. दारापर्यंत पोचले तेव्हा मिसेस हिलची गाडी रस्त्याला लागली होती. मागच्या काचेत टेसाचं डोकं दिसलं. ते वळलं नाही.

रिकाम्या जागेत, पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे, जाई उभी होती. रंगमंचावर उभी होती अगदी तशीच, हात खाली सोडून. बळवंतराव हळूहळू तिच्याजवळ गेले. केसांतलं पीस काढायला त्यांनी हात पुढे केला.

ती बाजूला सरकली.

"नको आजोबा," ती म्हणाली. "तू नको काढूस."