तुझं तू, माझं मी

फिजिओवालीने बिल झडप घालून उचललं, तशी सिस्टरने तिचं मनगट धरलं.

"आण इकडे. मागच्या वेळी तू दिलंस."

"मग काय झालं? हात सोड, नाहीतर उद्या तुझाच खांदा मला चोळत बसावा लागेल."

दोघी हसत होत्या, ओढाओढी करत होत्या. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. काटाबाईने आपल्या वाटणीचे पैसे, अगदी चिल्लरीसकट, कधीचे ग्लासखाली ठेवले होते. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर ती बसायची. तिच्या हातून एक गोळी इकडची तिकडे व्हायची नाही, म्हणून सिस्टरनेच तिला हे नाव ठेवलं होतं. काटा तराजूचा, टोचणारा नव्हे, एवढा खुलासाही केला होता. महिन्यातल्या एका रविवारी ती आणि सिस्टर दुपारचं बाहेर जेवायच्या. ज्याने त्याने आपापलं द्यायचं. एकीने सूप जास्तीचं घेतलं तर ते तिच्या नावावर. वीस वर्षांत पैशावरून एक चकार शब्द निघाला नव्हता. मैत्री असावी तर अशी, असं काटाबाई चारचौघींत सांगायची. आणि आता चार महिन्यांपासून ही फिजिओवाली येत होती.

तिने सिस्टरच्या ताटलीतला मासा न विचारता उचलला, ते काटाबाईला खुपलं. सिस्टर तिला वेडाबाई म्हणाली, ते खुपलं. पण सगळ्यात जास्त खुपलं ते हे भांडण. आपल्या हातातलं बिल हिसकावून घ्यावं असं सिस्टरला वीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. जेवण झकास होतं, तरी काटाबाईच्या पोटात दुखू लागलं.

पुढच्या महिन्यात हात धुवायच्या निमित्ताने ती उठली आणि काउंटरवर तिघींचं बिल चुकतं करून आली. जागेवर येऊन बसली. आता सिस्टर ओरडेल, आपलं मनगट धरेल, म्हणून तिने हातसुद्धा टेबलावरच ठेवला.

"बिल झालंय," वेटर म्हणाला. "या मॅडमनी दिलं."

"अरे वा, काटाबाईंची पार्टी!" फिजिओवाली टाळी वाजवून म्हणाली. "पुढच्या वेळी माझी हं." तिला पेशंट बघायला जायचं होतं. पर्स उचलून ती गेलीसुद्धा.

बाहेर फुटपाथवर आल्यावर सिस्टरने पाकीट उघडलं आणि आपला तिसरा हिस्सा काढून काटाबाईपुढे धरला.

"राहू दे की गं."

"नको. धर."

"तिच्याशी भांडतेस ना बिलावरून? तिचं चालतं, माझं चालत नाही?" काटाबाईचा आवाज चढला. "जळते मी तिच्यावर. झालं? आता हस."

सिस्टर हसली नाही.

"अगं, नियम तुझाच आहे."

"माझा?"

"पहिल्यांदा गेलो होतो ना आपण, तेव्हाचा. माझा पगार अडकला होता. तू म्हणालीस, तुझं तू, माझं मी, म्हणजे मागाहून कटकट नको. मी म्हटलं, बरं. मग भूक नाही म्हणून मी नुसता चहा घेतला."

काटाबाईला ती दुपार चांगली आठवत होती. ती पोटभर जेवली होती. समोर बसून सिस्टरने वॉर्डातल्या गमती सांगितल्या होत्या आणि हसून हसून काटाबाईला ठसका लागला होता. सिस्टरच्या पुढ्यात काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

"खरंच भूक नव्हती?"

"रात्रपाळी करून आले होते गं. भूक नसायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुझं बरोबरच होतं." सिस्टरने तिचा हात ओढून घेतला आणि नोटा, वर दोन नाणी, तळव्यावर ठेवली. "मोजून घे," ती नेहमीसारखीच म्हणाली.

दुसरं काय करावं ते काटाबाईला सुचेना. ती मोजू लागली. पैसे बरोबर होते.