थर्मासमधली नळी

नवा जिवाणू सापडला तो काही ज्वालामुखीच्या तोंडाशी नव्हे, बाबांच्या नोकरीच्या जागी. कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा गरम पाण्याच्या टाकीच्या तळाशी त्यांना गुलाबी, बुळबुळीत थर दिसला. दुसऱ्या कोणी नाक मुरडून फेकून दिला असता. ह्यांनी डबीत भरून लेकीच्या प्रयोगशाळेत आणला.

"बघ गं, तुझ्या कामाचं आहे का. सत्तर डिग्रीत मजेत राहतंय बेटं!"

लेकीने त्यापायी दोन वर्षं तहानभूक विसरून काढली. माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी त्यातला जिवाणू जुळेना. नव्या जातीला बाबांचं नाव द्यायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण मान्यता हवी तर जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करावे लागतात. मेलेल्यांना तिथे कोणी विचारत नाही.

शेवटची चाचणी चालू असताना आईचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही. निघ."

"उद्या निकाल आला की निघतेच."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. जात नवीच होती. तासाभरात बाबा गेल्याचाही फोन आला.

प्रयोगशाळेत कोणी गावाला निघालं की नळ्या फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे जिवाणू गप झोपून राहतात. तिचेही हात सवयीने चालले; नळ्या फ्रिजमध्ये ठेवून ती आईकडे निघाली. गारठ्याने हे मरतात, हे तपासायचं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. अकराव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने चाचरत फोनवर सांगितलं, "अगं, एकही नळी वाढत नाहीये." टाकी तर केव्हाच भंगारात गेली होती.

ती आईच्या स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडली. ज्या एका दिवसापायी बाप भेटला नाही, तो दिवसही फुकट गेला होता.

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, घड्याळात चार वाजलेले पाहिले आणि उठून पाणी तापत ठेवलं. मग फळीवरचा जुना थर्मास काढून त्यातलं पाणी ओतून टाकलं. आतून चिमट्याने काचेची एक बंद नळी बाहेर काढली. महिन्यापूर्वी लेकीनेच ती बाबांना दिली होती, नुसती कौतुकाने बघायला.

"हे काय?"

"दिवसातून चार वेळा पाणी बदलायचं, थर्मामीटर लावून. त्यांचा हुकूम! अंथरुणाला खिळल्यावर माझ्यावर सोपवलं. शुद्ध होती तोवर विचारत होते, पाणी बदललंस का."

"आणि माझं?"

"तुझंही विचारलं. मी म्हटलं, येतेय."

लेकीने नळी उजेडात धरली. तळाशी गुलाबी थर होता, आणि हलवल्यावर तो ढगासारखा वर आला. तिने घाईघाईने नळी पुन्हा थर्मासमध्ये, आईने ओतलेल्या ऊन पाण्यात सोडली. बाबांच्या नावाची जात होणार होती.

"आई, मला हे आजच न्यायला हवं. थर्माससकट."

आईने झाकण घट्ट लावलं, पदराने थर्मास पुसला आणि तिच्या हातात दिला.

"ने बाई, त्यांचंच आहे," ती म्हणाली. मग गॅस बंद करता करता, "पण उद्या चार वाजता मी काय करू गं?"