सासूबाईंचा संदर्भ

सासूबाई खोलीत आल्या तशी सुनेने लॅपटॉप घाईघाईने मिटला.

"माझाच लेख होता ना?" त्यांनी खुर्ची ओढली. "तुझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

दोघीही मुंग्यांच्या अभ्यासक. एक निवृत्त, दुसरी ऐन भरात. सासूबाई ज्यात लिहीत ते जुनं जर्नल इतकी वर्षं फक्त छापील होतं. त्याचे बांधीव खंड घरातच होते, पण सुनेने त्यांना कधी हात लावला नव्हता. सगळ्यांसारखीच तीही पडद्यावर सापडेल त्याचाच संदर्भ देई. गेल्या आठवड्यात ते जर्नल ऑनलाइन आलं, तिने दोन शब्द टाइप केले, आणि पहिलंच नाव घरातलं निघालं.

लेख म्हणत होता, काळ्या मुंग्या केवळ वासावर वाट ओळखतात. तिचे प्रयोग सांगत होते, त्या उन्हाची दिशाही पाहतात. संदर्भ द्यावा तर सासूला चूक म्हणायचं, न द्यावा तर लबाडी. नवऱ्याने हात वर केले होते. "दोन शास्त्रज्ञांच्या मध्ये मुंगीनं येऊ नये," म्हणाला.

तिने लॅपटॉप उघडून आपल्या लेखाचा खर्डा पुढे केला. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि सावकाश शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे मी चुकले."

"आई, तसं नाही..."

"तसंच लिहिलंयस. आणि झकास लिहिलंयस."

त्यांनी लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, सुनेनं मला खोडून काढलं. हो, चक्क छापून येणार आहे. इतक्या वर्षांत कुणी वाचलंसुद्धा नव्हतं." बोलताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. सुनेच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पण त्याच्या पुढच्याच अंकातला माझा लेख का गाळलास?"

"कुठला? शोधलं तेव्हा हा एकच आला."

"दुसरा येणार कसा? मथळ्यात मुंगी हा शब्दच नाही. 'ढगाळ दिवसातली चुकामूक'. अंक चाळला असतास तर हाताला लागला असता."

सून उठली. कपाटातून खंड काढून तिथेच जमिनीवर बसली. ढगाळ हवेत मुंग्या वास असूनही भरकटतात, असं सासूबाईंनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे हे तुम्हाला आधीच..."

"मला शंका होती गं. पुरावा तुझा."

सून हसली आणि खर्ड्यातलं 'आजवर कुणीही हे नोंदवलेलं नाही' हे वाक्य रद्द, असं तिने तोंडानेच जाहीर केलं. मग सहज पान उलटलं. पुढे गांधीलमाश्यांवर कुणा बाईंचा लेख होता. तिने दोन ओळी वाचल्या, मग दोन परिच्छेद, मग मांडी नीट घातली.

"आई, या कोण?"

सासूबाई गुडघा धरत हळूच तिच्या शेजारी टेकल्या.

"हिचं आणि माझं कधीच पटलं नाही," त्या म्हणाल्या. "तू आधी पूर्ण वाच. मग सांगते."