मऊ स्प्रिंगा

“ह्या की त्या?” ऋचाने विचारलं. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर गाडीच्या इंजिनाचं हेड उताणं पडलं होतं, शेजारी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे दोन डबे. स्टेनलेसचे हलके व्हॉल्व्ह नवराबायकोने मिळून निवडले होते, त्यात वाद झाला नव्हता.

“मऊच घालूया की,” गंधार म्हणाला. “कडक घातल्या तर कॅम घासतोय. तुला कशाला पाहिजे एवढा ताण?”

“पक्का ना? तू म्हणशील ते.”

कडक स्प्रिंगा त्याने स्वतःसाठी आणल्या होत्या. विमा कंपनीने जयपूरला बदली केली तेव्हा कोल्हापुरातून त्याने पहिली ही गाडी हलवली, मग संसार. शहराबाहेरच्या ट्रॅकवर सगळ्यांत वेगवान फेरी त्याच्याच नावावर होती. मग फौजी घरातल्या, जयपुरातच वाढलेल्या बायकोने हौस म्हणून स्टिअरिंग हातात घेतलं आणि बघता बघता त्याला गाठत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंधारनेही वाजवल्या, पण घरी आल्यावर आपली नि तिची वेळ पुन्हा पुन्हा ताडून पाहिली.

मऊ स्प्रिंगांवर इंजिन एरवी झकास चालतं. पार वर पिळलं की मात्र व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत आणि गाडी अडखळते. हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मी तिची काळजीच घेतोय, असं तो स्वतःला बजावत राहिला.

सरावाला सरळ रस्त्यावर गाडी दर फेरीला अडखळली. ऋचा उतरली ती रडवेली होऊन.

“मतलब, माझाच पाय कच्चा आहे. रविवारी स्पर्धेत तूच चालव. मी नाव मागे घेते.”

हवं ते आयतं पदरात पडलं होतं. गंधार खूश झाला, अगदी घरी पोहोचेपर्यंत खूश होता. चहा घेऊन बाहेर आला तर ऋचा सोफ्यावर बसून, डोळे मिटून, फरशीवर पाय दाबत होती. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच. कुठे चुकतंय ते शोधत होती बिचारी.

त्याने कप ठेवला आणि दुसरा डबा आणून तिच्यासमोर धरला.

“पाय चांगला आहे तुझा. स्प्रिंगा कमी पडतायत.”

“तुला माहीत होतं?”

“व्हय.”

“पहले से?”

“तू लई जोरात चालवतीस गं,” तो खाली बघत म्हणाला.

तिने त्याच्या हातातून डबा काढून घेतला. त्या आठवड्यात दोघांनी मिळून स्प्रिंगा बदलल्या. “पाना दे” आणि “बॅटरी इकडे धर” यापलीकडे तिने त्याच्याशी शब्द काढला नाही.

रविवारी, जिथे अडखळायची तिथून गाडी सणसणत पुढे गेली. सगळ्यांत वेगवान फेरीच्या फळ्यावरचं गंधारचं नाव कुणीतरी फडक्याने पुसलं आणि ऋचाचं लिहिलं. तो जळत होता, होता तेवढाच. टाळ्या त्याने वाजवल्या, पण जरा उशिरा.

ऋचा आली, “धर,” म्हणून हेल्मेट त्याच्या हातात देऊन थेट फळ्याकडे गेली. हेल्मेट आतून ओलं होतं. गंधारचा दुसरा हात खिशात होता, काढलेल्या स्प्रिंगांपैकी एक तिथेच राहिली होती. मऊ म्हणून तिच्यासाठी निवडलेली ती स्प्रिंग त्याने अंगठ्याने दाबून पाहिली. जराही दबेना.