रविवारच्या आत एक शेत

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. दचकू नका, मी भाजी चिरत नाही आणि कुणाचं बोटही कापत नाही. मी रंगाची सुरी. कॅनव्हासवर तैलरंग थापायचा, ओढायचा, चुकला तर खरवडायचा, हे माझं काम. स्वभावाने म्हणाल तर घाबरट. पातं पातळ, तसा धीरही पातळच.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला घडवलं या घरच्या बाबांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. तीस वर्षं मी त्यांच्या हातात होते. माझ्याकडून त्यांनी एक नांगरलेलं शेत रंगवून घेतलं. ढेकळं, दगडी बांध, चिखलाची वाट. रंग इतका जाड की डोळे मिटून बोट फिरवलं तरी शेत कळावं. पाहुणे म्हणायचे, "वा, काय ब्रश चालवलाय!" ब्रश म्हणे!

मग बाबा गेले. चार वर्षं मी एका डब्यात सुतळीच्या गुंड्याशेजारी पडून होते. एकदा कुणीतरी माझ्या टोकाने डिंकाच्या बरणीचं झाकण उचकटलं. तेव्हापासून माझी मान जरा लचकली आहे.

मग एका सोमवारी ताईने, म्हणजे बाबांच्या लेकीने, मला बाहेर काढलं. ताई कपडे शिवते. शेताचं चित्र वाटणीत तिच्या भावाच्या वाट्याला आलं होतं आणि तो रविवारी ते न्यायला येणार होता. त्याआधी तिला त्या चित्राची नक्कल करायची होती. भिंतीवर लावायला नव्हे हो, बाबांनी ते कसं केलं हे शिकायला. बाबा होते तेव्हा "शिकू की सावकाश" म्हणत तिने कधी विचारलंच नव्हतं.

आणि हातात वेळ किती? सहा दिवस! तैलरंगाचा जाड थर तेवढ्यात नीट वाळतसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी ताईने टेपने मापं घेतली आणि शिवणाच्या खडूने कॅनव्हासवर सगळं शेत आखलं, जणू ब्लाउजच बेततेय. तो खडू मेणाचा. त्यावरून रंग घसरायला लागला. सगळं पुसून पुन्हा सुरुवात. मग तिने जाड रंग खाली थापला आणि पातळ वर. अहो, उलटं! आधी पातळ, मग जाड. मूळ चित्राची कड निरखून तिला ते कळेपर्यंत गुरुवार उजाडला आणि माझा जीव टांगणीला लागला.

पातळ थर जमला, पण ढेकळं जमेनात. बाबांची सगळी एका अंगाला कललेली, हिची दुसऱ्या. शुक्रवारी तिने मला टेबलावर आपटलं. "हिचं पातंच एका बाजूने झिजलंय. फेकूनच द्यायला हवी!" नाचता येईना अंगण वाकडं! पण कचऱ्याची बादली शेजारीच होती. माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात ताईच्या आई आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी चित्र पाहिलं, मग मला. "अगं, तुझे बाबा डावरे ना! त्यांच्या हाताने झिजलीय ती. तू उजव्याने काय करतेस?"

ताईने मला डाव्या हातात घेतलं. पहिलं ढेकूळ वाकडंतिकडं, दुसरं त्याहून वाईट. दहावं मात्र थेट बाबांसारखं कललं. "आई, हे बघ ना," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

रविवारी भाऊ आला तेव्हा अर्धं शेत बाकी होतं. त्याने चित्र चादरीत गुंडाळलं, दारात थबकला. "ताई, ठेवू का अजून आठवडाभर?"

ताईने स्वतःच्या ओल्या कॅनव्हासकडे पाहिलं. "नको, ने तू. नाहीतर मी जन्मभर बघूनच काढत बसेन."

आता समोर नुसती भिंत आहे. ताई रोज पाच ढेकळं करते, त्यातली तीन खरवडते. मला अजून धाकधूक वाटते, शेत पुरं होईल की नाही कोण जाणे. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जपून ठेवा, पण त्याआधी घरातल्या माणसांना विचारून घ्या. माणूस एका वाक्यात सांगतो. आम्हाला तेच सांगायला फार दिवस लागतात.