सॉनात पहिला मान पाहुणीचा

कॉफी पिता पिता केर्तुने टेबलाची कड घट्ट धरली, तेव्हाच इर्मेलीने ते पाहिलं होतं. पाहिलं आणि नजर दालचिनीच्या पावाकडे वळवली. भाचीला नववा महिना लागलेला, इर्मेली स्वतः डॉक्टर आणि वर देशाची आरोग्यमंत्री. विचारायला तिच्याइतका अधिकार कोणाला होता? पण विचारलं की पुढचा प्रश्न आलाच, पोरीला न्यायचं कुठे? जवळचा प्रसूती विभाग दोन वर्षांपूर्वी तिच्याच सहीने बंद झाला होता. आता गाठायचं ते इस्पितळ तीन तासांवर, तेही रस्ता मोकळा असला तर. बाहेर सकाळपासून हिमवादळ चाललं होतं. इर्मेलीने विचारलं नाही.

केर्तुनेही सांगितलं नाही. आमची माणसं अशीच. यम दारात आला तरी शेजाऱ्याला हाक मारणार नाहीत, उगाच त्याला त्रास कशाला? पोरीला सकाळपासून कळा येत होत्या. पण शनिवार होता, आठवड्याच्या वाफेच्या न्हाणासाठी अंगणातला सॉना तापला होता, मावशी हेलसिंकीहून दमून आली होती आणि सॉनात पहिला मान पाहुणीचा. पाहुणी न्हाऊन येईपर्यंत तिने कळ काढायची ठरवली.

इर्मेली सॉनाच्या वरच्या बाकावर बसून तापल्या दगडांवर पाणी टाकत होती. खोट्या कळा असतील, असं स्वतःला बजावत होती. तेवढ्यात दिवा गेला. दार उघडून तिची थोरली बहीण तेलेर्वो कंदील घेऊन आत आली, दुसऱ्या हाताने लेकीला सावरत.

"पाणी गेलं हिचं," तेलेर्वो म्हणाली. "वीज गेलीय, घर बर्फासारखं पडलंय. ऊब काय ती इथेच." जरा थांबून ती म्हणाली, "आजीसुद्धा याच बाकावर जन्मली ना."

हे इर्मेलीचेच शब्द होते. विभाग बंद करताना संसदेत गदारोळ झाला होता, तेव्हा तिनेच हसत म्हटलं होतं, आपल्या आज्या सॉनातच जन्मल्या, काही बिघडलं का? सभागृह खो खो हसलं होतं. आजीच्या आधीची दोन भावंडं याच बाकावर गेली, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

रुग्णवाहिकेला फोन लागला. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग ती निघाली होती, पण कधी पोचेल ते कोणी सांगेना. इर्मेलीने भट्टीतली लाकडं ओढून काढली, दार किलकिलं केलं, हात कोपरापर्यंत धुतले. शेवटचं बाळंतपण तिने केलं ते शिकत असताना, आणि तेव्हा पाठीशी खमकी सुईण उभी होती. त्यानंतर घसा तपासणं, औषधं लिहिणं, मग निवडणूक, मग खुर्ची. इतकी वर्षं या हातांनी फक्त सह्या केल्या होत्या.

केर्तु एकदाही ओरडली नाही. बाकाची फळी धरून ती खालच्या आवाजात कण्हत होती आणि त्या कण्हण्याचीच इर्मेलीला जास्त भीती वाटत होती. डोकं बाहेर आलं. मानेभोवती नाळ होती. आता बोट घालून ती सोडवायची, हे इर्मेलीला माहीत होतं, पण बोट हलेना. केर्तु आणि तिचं बाळ, दोन जीव तिच्या हातात होते आणि तो हात मेल्यासारखा पडला होता.

"मावशी," केर्तु म्हणाली, "तू डॉक्टर आहेस ना?"

तेव्हा कुठे हात हलला. नाळ मानेवरून निघाली, पोर बाहेर आली, निळी आणि निपचित. इर्मेलीने तिला टॉवेलने पुसलं, पाठ चोळली, इवल्या नाकातोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. तेलेर्वोने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पोरीने एक उचकी दिली आणि टाहो फोडला. इर्मेली ओल्या फरशीवर बसून लहान मुलासारखी रडली.

रुग्णवाहिका त्यानंतर खूप उशिरा आली. मायलेकी सुखरूप इस्पितळाकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलसिंकीहून तिचा सहायक सांतेरी याचा फोन आला. गडी हवेत होता. बातमी सगळीकडे झाली होती. मंगळवारी आणखी दोन प्रसूती विभाग बंद करायच्या कागदावर इर्मेलीची सही व्हायची होती.

"आता कोण तोंड उघडेल? मंत्रीच सॉनात बाळंतपण करून दाखवते म्हटल्यावर!"

इर्मेली काही बोलणार, तोच दारावर टकटक झाली. शेजारची सून उभी होती. हातात ताज्या पावाची टोपली, अंगावरच्या कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. टोपली दिली, अभिनंदन केलं, तरी हलेना.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," शेवटी ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पण फेब्रुवारीत तुम्ही येणार आहात का इकडे?"

कालची भीती पुन्हा हातात उतरली. इर्मेलीने टोपली खाली ठेवली. फोनवर सांतेरी अजून हसत होता.

"सांतेरी," ती म्हणाली, "बातमीवाल्यांना सांग, माझे हात चालत नव्हते. पोर वाचली ती नशिबाने. आणि मंगळवारी मी सही करणार नाही."

पलीकडचं हसू थांबलं. असं केलं तर खातं जाईल, असं काहीसं तो सांगू लागला.

"जाऊ दे," इर्मेली म्हणाली आणि दारातल्या पोरीला हाताला धरून घरात घेतलं.