तोतारा रस्त्यावरचे जपलेले घर

मित्रांनो, तोतारा रस्ता जिथे टेकडीवर चढू लागतो, तिथले पांढरे लाकडी घर म्हणजे मी. अंग कौरी नावाच्या झाडाच्या फळ्यांचे, पुढे व्हरांडा, मागे भलेमोठे परसू. वय एकशे दहाच्या पुढे. येणारेजाणारे माझे फोटो काढतात, तेव्हा मला लाज वाटते. का, ते ऐका.

गलबते बांधणाऱ्या एका सुताराने मला उभारले. पुढे टेकडीला वाईट दिवस आले. खिडक्या फुटल्या, छप्पर गळू लागले, माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. अशा वेळी सामोआहून आलेले तालोसिया आणि पेसामिनो हे जोडपे मला स्वस्तात विकत घेऊन राहायला आले. दोघे साबणाच्या कारखान्यात राबत. सुटीच्या दिवशी पेसामिनो माझी एकेक फळी खरवडून रंगवी. परसात तालोसियाने तारो, म्हणजे त्यांच्याकडचा अळूसारखा कंद, लावला. बेटावरून येणारा प्रत्येक नातलग आधी माझ्याच दारात उतरे. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे.

मग टेकडी श्रीमंतांना आवडू लागली. पेसामिनो वारला. शहरात माणसे वाढली, घरे मात्र तेवढीच राहिली, आणि भाडी कोणाला परवडेनात. तालोसियाची मुलगी फेतू शहरबस चालवी. ती नवरा आणि तीन मुलींसह माझ्यातच राहिली. तिच्या चुलतभावाचे, सोलोमोनाचे, चौघांचे कुटुंबही आले. तीन खोल्यांत दहा माणसे! भिंतींना ओल धरली. फेतूची धाकटी लेक हिवाळाभर खोकायची, आणि मला साधी खिडकीही उघडता येत नव्हती.

फेतूने एक नकाशा काढून आणला. परसात एकमेकांना लागून तीन लहान दुमजली घरे. "एक आमचं, एक सोलोमोनाचं, आणि तिसरं ज्याला गरज असेल त्याला," ती आईला म्हणाली. "जमीन काही वाढायची नाही, आई. पण तिच्यावर दारं वाढवता येतात."

माझ्या फळ्या मोहरल्या. पण महापालिकेकडून उत्तर आले ते नकाराचे. या भागात एका जागेवर एकच घर, असा नियम होता. शिवाय जुन्या घराचे रूप बिघडेल, अशी शेजाऱ्यांची पत्रे आली होती. एक पत्र शेजारच्या डेस्मंडचे होते. हा निवृत्त मास्तर दर शरदात तालोसियाला आपल्या झाडाची टोपलीभर फेजोआ फळे आणून देई.

तो व्हरांड्यात येऊन अवघडून उभा राहिला. "तालोसिया, तुझ्याविरुद्ध काही नाही गं माझं."

"मग कोणाविरुद्ध आहे? त्या पोरीच्या खोकल्याविरुद्ध?"

"हे घर बघ ना, किती देखणं आहे! त्याच्यासाठी कोणीतरी बोलायला नको?"

मित्रांनो, माझ्यासाठी बोलणाऱ्याला मी काय सांगणार होते? मला तोंड कुठे आहे?

दोन वर्षांनी नियम बदलला. परिचारिका, बेकरीवाले, बसचालक पालिकेच्या सभांना जाऊन भांडले होते, त्याला फळ आले. आता एका जागेवर परवानगीसाठी खेपा न घालता तीन घरे बांधता येणार होती, आणि बसथांब्याजवळ त्याहूनही जास्त. समोर एका घराच्या जागी सहा दारे झाली. संध्याकाळी सहा स्वयंपाकघरांत दिवे लागू लागले. पण शहराच्या नकाशावर नव्या नियमाची रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध गेली होती. अलीकडची जुनी घरे रूपासाठी राखीव, तिथे जुनाच नियम, आणि मी अलीकडे.

"समोर सहा बिऱ्हाडं," फेतू कडवट हसली, "आणि आपल्याला कोंबड्यांचं खुराडं बांधायचं तरी अर्ज!"

"अजून एकदा अर्ज करू या," तालोसिया म्हणाली.

"मुली मोठ्या होतायत, आई. समुद्रापार ब्रिस्बेनला बसचालक हवेत. घरही मिळतंय."

फेतू गेली. पाठोपाठ सोलोमोनाही गेला. तालोसिया वर्षभर एकटी राहिली. सवयीने जास्तीचा स्वयंपाक करायची आणि उरलेला फेकायची. शेवटी तिने मला विकले. निघायच्या दिवशी डेस्मंड डोळे पुसत आला.

"तुझ्याशिवाय ही गल्ली गल्ली राहणार नाही गं."

तालोसियाने पिशवी खांद्याला लावली. "हे त्या पत्रात लिहायचं होतंस, डेस्मंड," ती शांतपणे म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

आता माझे मालक वर्षातून तीन आठवडे येतात. माझा रंग दरवर्षी नवा होतो. तारोच्या जागी गुळगुळीत हिरवळ आहे. तिच्यावर कोणी चालत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी शहराच्या नकाशावर रेघा ओढील. आमच्यासारख्या म्हाताऱ्या घरांची काळजी जरूर घ्या. पण रेघ ओढण्याआधी एकदा आत या. आत किती माणसे झोपतात, ते मोजा.